मुंजीच्या कॅसेटच्या शेवटी काय आहे ते आधी बघा
(जुन्या टीव्हीवरची पॉप-रॉक गाणी आणि तुमच्या घरातल्या व्हीएचएस कॅसेटी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी. कॅसेटवरून पेन ड्राईव्हवर करून द्या म्हणून आमच्याकडे जे लोक येतात त्यातले दहातले नऊ लग्न, मुंज, बारसं घेऊन येतात, आणि आम्ही विचारतो की कार्यक्रम संपला की थांबवू का पुढे शेवटपर्यंत चालू देऊ, तर उत्तर ठरलेलं, "पुढे काही नाहीये हो, थांबवा." थांबवायला सांगू नका, एवढ्यासाठीच खरं तर हे पत्रक छापलंय.

मागे एक ताई आल्या होत्या, लेबलवर बॉलपेनने 'मुंज १९९३' लिहिलेलं. ई-१८० कॅसेट म्हणजे तीन तासांची, मुंज संपली पावणेदोन तासात, शेवटी पंगतीत कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघून जिलबी दाखवतंय, मग दहा-बारा सेकंद नुसत्या मुंग्या, आणि एकदम कोपऱ्यात एमटीव्हीचा, म्हणजे गाण्यांच्या चॅनलचा, लोगो आणि गिटार! पुढचा सव्वा तास तेच. ताई आधी चपापल्या मग हसायलाच लागल्या, म्हणाल्या हे दादाचं काम, आईला न विचारता उरलेल्या टेपवर रेकॉर्ड करत बसायचा. ती सव्वा तासाची फाईल त्यांनी मुंजीच्या फाईलच्याही आधी दादाला पाठवली.

आता कोणी म्हणेल की यूट्यूबवर सगळं आहे, याचं काय करायचंय. सगळं नाहीये. आणि जे आहे त्यातलं बरंचसं असंच कोणाच्या तरी घरातून आलंय, कारण ज्यांनी कार्यक्रम केले त्यांनीच ते पुसून टाकले होते.

टीव्हीवाल्यांनी पुसलं कशाला?

सगळ्यात मोठं उदाहरण बीबीसीचं. 'टॉप ऑफ द पॉप्स' हा त्यांचा दर आठवड्याचा कार्यक्रम, १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमध्ये एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथून सुरू झाला आणि २००६ पर्यंत चालला. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, कोण कोण येऊन गेलं, आणि साठच्या दशकातले पूर्ण भाग आज हातावर मोजता येतील इतकेच शिल्लक आहेत.

कारण अगदी साधं, टेप महाग होती. टीव्हीवाल्यांची टेप म्हणजे आपली अर्ध्या इंचाची नव्हे, दोन इंच रुंद, मोठ्या रिळावरची. १९५६ मध्ये अमेरिकेत अँपेक्स कंपनीने ते मशीन आणलं तेव्हा एका तासाच्या टेपला साधारण ३०० डॉलर पडायचे, त्या काळचे ३००! पण तीच टेप पुसून परत वापरता यायची, मग काय, आपण घरात श्रीखंडाचा डबा धुऊन परत वापरतो तसं चाललं होतं सगळं. त्यात कलाकारांच्या युनियनशी झालेल्या करारामुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या, घरी कॅसेट विकत घेऊन कोणी बघेल ही कल्पनाच नव्हती, आणि पुढे रंगीत टीव्ही आल्यावर ब्लॅक अँड व्हाईट गाण्याला कोण विचारतंय असं झालं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुठे त्यांना जपून ठेवायची अक्कल आली. आम्ही हे नावं ठेवायला सांगत नाहीये, आपल्याकडे तरी लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच घेतलेली किती घरं आहेत ते आम्हाला विचारा.

गंमत बघा, बीटल्स जून १९६६ मध्ये त्या कार्यक्रमात स्वतः स्टुडिओत आले होते, आणि तो भाग पुसला गेला. २०१९ मध्ये त्यातले थोडे सेकंद सापडले, तेही कोणीतरी घरी टीव्हीसमोर ८ मिमीचा कॅमेरा धरून काढलेले, आवाज नाही काही नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा, १९६५ चा अजून एक तुकडा वाचला तो तर वेगळ्याच दारातून, 'डॉक्टर हू' नावाच्या मालिकेत काळ दाखवणारं एक यंत्र होतं, त्या यंत्राच्या पडद्यावर दाखवायला म्हणून बीटल्सची क्लिप घेतली होती. गाण्याच्या कार्यक्रमाची टेप गेली पण मालिकेचा भाग परदेशात विकायला म्हणून फिल्मवर उतरवलेला होता, त्याच्याबरोबर बीटल्स वाचले.

आणि डेव्हिड बोवी या इंग्लंडच्या गायकाची गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडते. जानेवारी १९७३ मध्ये तो त्याच कार्यक्रमात आला आणि टेपवर नुसते ओठ हलवण्याऐवजी त्याने आणि बँडने खरंच वाजवलं. नेहमीप्रमाणे टेप पुसली. पण जॉन हेनशॉल नावाच्या कॅमेरामनने त्यात स्वतःची एक खास गोल दिसणारी लेन्स वापरली होती, आपलं काम लोकांना दाखवायला हवं म्हणून त्याने एक कॉपी मागून घेतली आणि घरी ठेवून दिली. २०११ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ३८ वर्षं, ती त्याच्याकडेच पडून होती, त्याला वाटत होतं बीबीसीकडे असेलच की. नव्हती. 'असेलच की कोणाकडे तरी' हे वाक्य आम्ही काउंटरवर रोज ऐकतो.

तुमच्याकडे काय असू शकतं

आपल्याकडे घरोघरी व्हीसीआर ऐंशीच्या दशकात आले, त्यामुळे साठ-सत्तरमधलं काही तुमच्या कपाटात निघणार नाही, उगाच आशा लावत नाही. पण तीन प्रकारच्या कॅसेटी नीट बघा.

एक, केबलवरून घेतलेल्या. स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही १९९१ ला आपल्याकडे आलं, १९९४ ला ते बाहेर पडलं आणि त्या जागी चॅनल व्ही आलं, मग १९९६ ला एमटीव्ही इंडिया म्हणून परत आलं. म्हणजे तारीख लिहिलेली नसली तरी कोपऱ्यातला लोगो बघून आम्ही साल साधारण सांगू शकतो, आणि मधल्या जाहिराती असतील तर अजूनच चांगलं. जाहिराती कापून द्या असं खूप जण सांगतात, आमचा सल्ला, नका कापू, दहा वर्षांनी तुम्ही गाण्यापेक्षा त्याच जास्त बघाल.

दोन, इंग्लंड किंवा आखातातून कोणी नातेवाईकाने पाठवलेल्या. तिथल्या टीव्हीवरून थेट घेतलेलं असतं, हे आम्हाला सगळ्यात जास्त उत्सुकता असलेलं सामान. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एडचं (लंडन आणि फिलाडेल्फियाला एकाच दिवशी झालेला मदतीसाठीचा मोठा गाण्यांचा कार्यक्रम) रेकॉर्डिंग असेल तर जरूर सांगा. २००४ मध्ये त्याची डीव्हीडी निघाली पण सगळं त्यात नाही, लेड झेपलिन या बँडने आपला भाग द्यायला नकार दिला, त्यामुळे फिलाडेल्फियाला त्यांनी जे वाजवलं ते बहुतेक ज्याच्या घरी टेप चालू होती त्याच्याकडेच. क्वीनचं मात्र त्यात आहे. (क्वीनचं विचारणारे आमच्याकडे खूप, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला ना, त्यामुळे आपलाच मुलगा असल्यासारखे लोक बोलतात!)

तीन, अमेरिकेतल्या कॅसेटी. या इथल्या व्हीसीआरवर लावल्या की चित्र वर-खाली पळतं, रंग जातो, आणि लोक खराब झाली समजून टाकून देतात. खराब नसते हो. अमेरिकेची पद्धत एनटीएससी, ५२५ रेघा आणि सेकंदाला ३० चित्रं, आपली आणि इंग्लंडची पाल, ६२५ रेघा आणि २५ चित्रं (पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे). दोन्ही चालवणारं मशीन लागतं, ते आमच्याकडे आहे.

आणण्याआधी घरी लावून बघू नका

हे मनापासून सांगतोय. मुंबई-ठाण्या-कोकणच्या हवेत कॅसेटला बुरशी धरतेच. कॅसेटच्या खिडकीतून रिळाकडे बघा, काळ्या टेपच्या कडेला पांढरे ठिपके किंवा पिठासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की आतला ड्रम, जो मिनिटाला १५०० फेरे फिरत असतो, त्याच्या हेडवर (टेप वाचणारा भाग) ती घाण बसते, तुमची टेप तर ओरखडतेच पण नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटलाही प्रसाद मिळतो. एका काकांनी गच्चीत पापडांशेजारी कॅसेटी वाळत घातल्या होत्या, त्यातल्या दोनची टेप लाटेसारखी वाकडी झाली, तेव्हा ऊनही नको. आम्ही कॅसेट उघडून वेगळ्या मशीनवर टेपवरची बुरशी हळूहळू साफ करून घेतो आणि मगच चालवतो, त्याला वेळ लागतो, घाई करू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ ला थांबली, नवीन हेड मिळत नाहीत, आमचं मशीन बिघडलं तर ते तुमच्या सगळ्यांचंच नुकसान आहे.

अजून एक, कॅसेटच्या पाठीवर एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते, ती अजून शाबूत असेल तर आजच तोडून टाका, मग चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही.

चित्राचं आम्ही काय करतो आणि काय करत नाही

चित्र ताणत नाही. जुना टीव्ही चारास तीन, आताचा रुंद, त्यामुळे दोन्ही बाजूला काळे पट्टे राहणार. ते भरून द्या म्हणून आग्रह करणारे असतात, पण भरलं की सडपातळ गिटारवाला पैलवान दिसतो आणि ड्रम लंबगोल.

मोबाईलमधल्या त्या एआय ॲपने चकचकीत करत नाही. चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे होतात, व्हीएचएसमध्ये मुळात जेवढा तपशील नाही तेवढा ॲप मनाने घालतं, डोळे वेगळ्याच माणसाचे येतात. हवंच असेल तर वेगळी फाईल करून देऊ पण मूळ जशीच्या तशी आधी.

आणि एक गोष्ट जी बहुतेक दुकानात करत नाहीत. टीव्हीचं जुनं चित्र सेकंदाला २५ असलं तरी ते अर्धं-अर्धं येतं, आधी एकाआड एक रेघा मग उरलेल्या, म्हणजे हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपलेली असते. कॉम्प्युटरवर ते सरळ उतरवलं की ड्रमरचा हात हलताना कंगव्याचे दात दिसतात, आणि ते दात घालवायला अर्धी चित्रं फेकून दिली की हात टकाटक उड्या मारतो. आम्ही ५० च्या ५० ठेवतो. स्टुडिओतल्या गाण्यात फरक लगेच कळतो, डोळ्यासमोर माणूस उभा असल्यासारखं वाटतं, दोन मिनिटं काउंटरवर दोन्ही शेजारी लावून दाखवू, मग तुम्हीच ठरवा. फाईल मोठी होते, पेन ड्राईव्ह जरा मोठा आणा.

आवाजाबद्दल तक्रार करण्याआधी

एक किस्सा. एका ग्राहकाच्या मावसभावाने इंग्लंडहून पाठवलेली कॅसेट होती, नोव्हेंबर १९९१ चा टॉप ऑफ द पॉप्स, त्यात निर्वाणा हा अमेरिकन बँड. दुसऱ्या दिवशी फोन, आवाज बिघडवलात तुम्ही, त्यांचा गायक कर्ट कोबेन रेड्यासारखा गातोय, टेप हळू चाललीय. आम्हीही घाबरलो, परत लावली, ट्रॅकिंग बघितलं, तर ड्रमचा ठेका अगदी बरोबर, गिटारही बरोबर, फक्त गळाच खाली. मग लक्षात आलं की त्याने खरंच तसंच गायलं होतं! तेव्हा त्या कार्यक्रमाचा नियम असा होता की वाद्यं रेकॉर्डवरची वाजणार आणि गाणं तेवढं खरं गायचं, ते त्याला पटलं नाही म्हणून मुद्दाम जाड, खोल आवाज काढला, आणि गिटारवर हात नुसता फिरवतोय, तारांना लागतसुद्धा नाहीये. ग्राहकाला परत बोलावून तो हात दाखवला तेव्हा पटलं.

तर जुन्या टीव्हीवर वायर न लावलेली गिटार दिसली, ओठ आणि शब्द जुळले नाहीत, तर दरवेळी दोष आमचा नसतो, त्या काळी बरेचदा रेकॉर्ड लावून नुसता अभिनय चालायचा. खरा दोष कसा ओळखायचा ते सांगतो: मधूनमधून खर्र-खर्र येऊन आवाज जातोय आणि परत येतोय, तर तो हाय-फाय आवाजाचा ट्रॅक निसटतोय, तो चित्रासारखाच फिरत्या हेडने लिहिलेला असतो. अशा वेळी टेपच्या कडेला एक साधा आवाजही असतो, तो जरा दबका पण सलग, त्यावरून परत करून देऊ, पैसे नाहीत.

हक्कांचं

घरी बघायला करून देतो, बस. गाण्याचे आणि कार्यक्रमाचे हक्क कंपन्यांचे आणि चॅनलचे, त्यामुळे विकायला कॉप्या मागू नका आणि अपलोड करून नंतर उडालं तर आमच्याकडे येऊ नका. आमच्याकडे तुमची फाईल पंधरा दिवस राहते, तुम्ही बघून ठीक आहे म्हणालात की पुसतो (हो, आम्हीसुद्धा पुसतो, पण विचारून). काही खरंच दुर्मिळ निघालं तर त्या चॅनलच्या संग्रहाकडे कसं कळवायचं ते सांगू, मेल लिहून द्यायला मदत करू, पाठवायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पैसे कॅसेटच्या लांबीवर, त्यात गाणी आहेत का सत्यनारायण आहे यावर नाही. मुंजीनंतरचा तो उरलेला भाग त्याच पैशात. आणताना कॅसेट तिच्या मूळ कव्हरसकट आणा, कुठल्या देशात रेकॉर्ड केलीय माहीत असेल तर सांगा, आणि कव्हरच्या आत घडी घातलेली चिठ्ठी असेल तर ती काढून टाकू नका, गाण्यांची यादी बरेचदा तिच्यावरच असते.