जामीन, जातमुचलका आणि अमेरिकेतलं काउंटी जेल: मागची गोष्ट

अमेरिकेत कुणाला अटक झाली की तो आधी जातो काउंटी जेलमध्ये. आपल्याकडची मंडळी इथे एक गल्लत हमखास करतात, जेल आणि प्रिझन एकच समजतात. प्रिझन म्हणजे शिक्षा लागल्यावर जायची जागा, ती राज्याची नाहीतर केंद्राची. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, तिथलं जेल बहुतेक ठिकाणी निवडून आलेला शेरीफ चालवतो आणि आत बसलेले असतात मुख्यतः खटला अजून निकाली न निघालेले लोक, आपल्या भाषेत कच्चे कैदी. २०२२ च्या मध्याला देशभरच्या अशा जेलांमध्ये सुमारे ६ लाख ६३ हजार माणसं होती आणि त्यातली ७० टक्के दोषी ठरलेलीच नव्हती. त्यातले कितीतरी जण आत होते ते फक्त जामिनाचे पैसे नव्हते म्हणून. प्रीट्रायल सर्व्हिसेस नावाचं, खटल्याआधीच्या सुटकेचं काम बघणारं काउंटीचं खातं, माणूस कुठे आहे ते कळवणारा पायातला पट्टा, ड्रग कोर्ट, तारखेची आठवण करून देणारे मेसेज, हे सगळं त्या एका दुखण्यावर शोधलेले उपाय आहेत, त्यामुळे आधी दुखणं कुठून आलं ते बघू.

मुळात जामीन म्हणजे पैसा नव्हताच, माणूस होता. मराठीत अजूनही आपण म्हणतो ना, "मी त्याला जामीन राहतो", अगदी तसंच जुन्या इंग्लंडमध्ये होतं, शेजारी किंवा नातेवाईक उभा राहायचा आणि सांगायचा की हा तारखेला येईल, नाही आला तर मला धरा. हीच पद्धत अमेरिकेत गेली. १७८९ च्या कायद्याने फाशीची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यांत जामिनाचा हक्क दिला, १७९१ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीत अवाजवी जामीन मागू नये असं आलं. पण हा देश म्हणजे सतत सरकणाऱ्या लोकांचा, आज इथे उद्या पश्चिमेला, शहरात तर शेजारचा कोण हेच माहीत नाही, मग जामीन राहणार कोण? ती मोकळी जागा पैशाने भरली.

आणि धंदा उभा राहिला तो सॅन फ्रान्सिस्कोत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तिथल्या कोर्टाजवळ मॅकडोना कुटुंबाचा दारूचा गुत्ता होता, वकील तिथे येऊन बसायचे, त्यांच्या अशिलांसाठी मॅकडोना भाऊ ओळखीखातर जामीन भरायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की वकील तर अशिलाकडून याचे पैसे घेतात, तर आपण का नाही घ्यायचे. त्यातून फी लावून जामीन देणारी पेढी झाली, आणि १९३७ मध्ये शहरातल्या पोलिसी भ्रष्टाचाराची चौकशी झाली तेव्हा त्या अहवालात भ्रष्टाचाराचा उगम म्हणून याच पेढीवर बोट ठेवलं गेलं. तोवर ही पद्धत देशभर पसरली होती. साधारण हिशोब असा, की जामीन ५ हजार डॉलरचा असेल तर बॉन्ड्समनला, म्हणजे अशा पेढीवाल्याला, ५०० द्यायचे, तो तुमची हमी घेतो आणि तुम्ही प्रत्येक तारखेला गेलात, अगदी निर्दोष सुटलात तरी ते ५०० गेले ते गेलेच. अशा प्रकारे नफ्यासाठी जामीन विकायचा धंदा जगात अमेरिका आणि फिलिपिन्स सोडून जवळजवळ कुठेच चालत नाही. काउंटी जेलच्या समोरच्या रस्त्यावर रात्री २ वाजता सुद्धा बेल बॉन्ड्सच्या लाल निळ्या पाट्या चालू दिसतात, पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटलं होतं इन्शुरन्सची दुकानं असतील.

या पद्धतीवर टीका जुनीच आहे, १९२७ मध्ये शिकागोवर आणि १९५४ मध्ये फिलाडेल्फियावर सविस्तर अभ्यास झाले, दोन्हीतून दिसलं की जामिनाची रक्कम आरोपाकडे बघून ठरते, माणसाकडे बघून नाही. पण अभ्यासाने जेलचं दार उघडत नाही. ते उघडलं १९६१ मध्ये न्यूयॉर्कला, आणि हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो म्हणून जरा थांबून सांगतो.

लुई श्वाइत्झर नावाचा एक श्रीमंत केमिकल इंजिनियर होता. ब्रुकलिनच्या जेलमध्ये खटल्याची वाट बघत पडलेली तरुण पोरं पाहून तो हादरला. त्याचा पहिला विचार सरळ होता, आपण पैसे घालू, यांचे जामीन भरू. पण त्याने ज्याला कामाला लावलं त्या हर्बर्ट स्टर्झने विचार केला की पैसे भरून आपण पैशाचीच पद्धत चालू ठेवतोय. न्यायाधीशाला पैसा लागतो कारण समोरच्या माणसाबद्दल त्याला काहीच माहीत नसतं, तर मग माहितीच पुरवू. श्वाइत्झरने आईच्या नावाने व्हेरा फाउंडेशन काढलं आणि मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू झाला.

काम अगदी साधं होतं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे लॉ स्टुडंट कोर्टाच्या मागच्या कोठडीत जायचे आणि हातातल्या फॉर्मवरून एकेकाला विचारायचे, कुठे राहतोस, किती दिवसांपासून, घरी कोण कोण, नोकरी कुठे, किती वर्षं, आधी शिक्षा झालीय का, तुला ओळखणारं कोण आहे. मग फोन उचलून त्याच्या बहिणीला, मालकाला, घरमालकाला विचारायचे की हा सांगतो ते खरं का. उत्तरांना गुण होते, ५ गुण झाले आणि शहरात त्याला गाठता येईल असा पत्ता असला की न्यायाधीशाकडे शिफारस जायची, याला जातमुचलक्यावर, म्हणजे पैसे न घेता त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडा. खून वगैरेसारखे काही गंभीर गुन्हे सुरुवातीपासूनच बाहेर ठेवले होते. आणि त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली, शिफारशीला पात्र असलेल्या काहींची शिफारस मुद्दाम पाठवलीच नाही, तुलना करता यावी म्हणून. सुरुवातीच्या निकालात शिफारस गेलेल्यांपैकी ६० टक्के जातमुचलक्यावर सुटले, न गेलेल्यांपैकी १४ टक्के. माणसं सारखीच होती, फरक एका कागदाचा आणि एका फोनचा. तीन वर्षांत साडेतीन हजारांच्या वर लोक असे सुटले आणि त्यातले जाणूनबुजून तारीख चुकवणारे निघाले १.६ टक्के.

यानंतर गोष्टी भराभर घडल्या. १९६४ मध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडीने वॉशिंग्टनला जामिनावर राष्ट्रीय परिषद घेतली, १९६६ मध्ये प्रेसिडेंट जॉन्सनच्या सहीने केंद्रीय कायदा आला ज्यात शक्यतो जातमुचलक्यावरच सोडा असं होतं, काउंट्यांमध्ये न्यूयॉर्कच्या नमुन्यावर कार्यालयं निघायला लागली, केंटकीने तर १९७६ मध्ये बॉन्ड्समनचा धंदाच बंद करून राज्यभर प्रीट्रायल खातं उभं केलं. वॉशिंग्टन शहरात १९९२ पासून नियमच आहे की फक्त पैसे भरता येत नाहीत म्हणून कुणी आत राहता कामा नये.

याच धाग्याचं एक टोक आपल्याकडेही आलंय, हे फार कमी जणांना माहीत असतं. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं सडणाऱ्या कच्च्या कैद्यांबद्दल बोलताना आपल्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती भगवतींनी मॅनहॅटन बेल प्रोजेक्टचा नाव घेऊन उल्लेख केला आणि तेच मुद्दे दिले, किती वर्षं राहतो, काम काय, कुटुंब कुठे, ओळखणारं कोण. प्रश्न आले पण प्रश्न विचारून फोन करणारं ऑफिस काही जिल्ह्याजिल्ह्यात आलं नाही. मुंबईत टीआयएसएसचा, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, प्रयास प्रकल्प कित्येक वर्षं तुरुंगात जाऊन हे काम करतोय, पण तो एक प्रकल्प आहे, सरकारी खातं नाही, आणि मला वाटतं आपल्याकडे जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून लोक आत राहतात त्याचं मूळ इथेच आहे.

परत अमेरिकेत. ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. १९८४ च्या कायद्याने प्रश्नच बदलला, तारखेला येईल का याच्या जोडीला हा धोकादायक आहे का हेही आलं, आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, फक्त खटल्याआधी डांबणं हा अपवादच राहिला पाहिजे असं बजावून. त्याच सुमाराला पायातला इलेक्ट्रॉनिक पट्टा आला. १९८३ मध्ये आल्बुकर्कीच्या न्यायाधीश जॅक लव्ह यांनी तो पहिल्यांदा वापरात आणला, कल्पना सुचली होती स्पायडरमॅनच्या कॉमिक्सवरून. जेलपेक्षा घर बरं हे कबूलच, पण बऱ्याच काउंट्या पट्टा घालणाऱ्याकडूनच त्याचं भाडं घेतात, बॅटरी उतरली की नियमभंग, कामावर उशीर झाला की नियमभंग, त्यामुळे मी तरी याला पर्याय म्हणताना कचरतो. १९८९ मध्ये मायामीत निघालेलं ड्रग कोर्ट मात्र वेगळं, तिथे व्यसनी माणसाला कोठडीऐवजी उपचार आणि पुन्हा पुन्हा त्याच न्यायाधीशासमोर हजेरी.

पण बहुतेक काउंट्यांत प्रीट्रायल खातं असून नसल्यासारखं राहिलं, कर्मचारी चार आणि अटका हजारो. त्याची किंमत लोकांना कळली ती दोन नावांमुळे. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचा कलीफ ब्राउडर, बॅग चोरल्याच्या आरोपावरून १६ व्या वर्षी २०१० मध्ये धरला, जामीन ३ हजार डॉलर, घरच्यांना जमला नाही, तीन वर्षं रायकर्स आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेटावरच्या जेलमध्ये, बराच काळ एकट्याच्या कोठडीत, शेवटी आरोप मागे घेतले, २०१५ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्याच वर्षी टेक्सासच्या वॉलर काउंटीत सँड्रा ब्लँड, गाडी अडवल्यावरून अटक, बाहेर यायला ५०० डॉलर लागत होते, तीन दिवसांनी कोठडीत मृतावस्थेत सापडली.

मग खटले सुरू झाले. शेजारच्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनमध्ये, लायसन्स अवैध असताना गाडी चालवली म्हणून धरलेल्या एका बाईला अडीच हजार डॉलरचा जामीन लावला होता, तिच्या नावाच्या खटल्यात २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीश ली रोझेनथॉल यांनी ठरवलं की किरकोळ गुन्ह्यात गरिबाला फक्त पैशापायी आत ठेवणं घटनाबाह्य आहे, आणि २०१९ मध्ये काउंटीने तडजोड केली. न्यू जर्सीत आधी पाहणी झाली होती, जेलमधले १२ टक्के लोक अडीच हजार किंवा त्याहून कमी रकमेसाठी अडकले होते, २०१७ पासून त्यांनी पैशाचा जामीन जवळपास बंदच केला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२० मध्ये असाच कायदा पाडला. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीन पूर्ण बंद केला, असं करणारं ते पहिलं राज्य.

पैशाच्या जागी अनेक ठिकाणी आलं गुण देणारं कॉम्प्युटरचं सूत्र, ते मॅनहॅटनच्या ५ गुणांचंच नातवंड म्हणा ना, पण जुन्या अटकांची आकडेवारी आत घातली की ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात तिथली माणसं जास्त धोक्याची दिसतात. २०२० मध्ये प्रीट्रायल जस्टिस इन्स्टिट्यूटने, जी आधी याच सूत्रांची पुरस्कर्ती होती, जाहीरपणे पाठिंबा काढून घेतला. मला त्यांचं हे वागणं फार आवडलं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय सापडला तो वेगळाच. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सचा फॉर्म नुसता बदलला, तारीख आणि कोर्टाचा पत्ता वर ठळक आणला, तर गैरहजेरी १३ टक्क्यांनी कमी झाली, तारखेच्या आधी फोनवर मेसेज पाठवले तर २१ टक्क्यांनी. म्हणजे जे येत नव्हते त्यातले कितीतरी पळून गेलेले नव्हतेच, विसरले होते, किंवा कामाची पाळी, पोराला कुणाकडे ठेवायचं, बस कुठली यात अडकले होते. ह्यूस्टनच्या तडजोडीतही तारखेची आठवण करून देणं ही काउंटीची जबाबदारी म्हणून लिहिलेलं आहे.