हाय-पॉवर : 13 गोळ्या आणि एक वादग्रस्त खटका

आपल्या लष्करात आणि पोलिसांत ज्याला नुसतं ‘नाईन एमएम’ म्हणतात, ते पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचं पिस्तूल मूळचं बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं, म्हणजेच ब्राउनिंग हाय-पॉवर. त्याचा उगम मात्र पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याने घातलेल्या अटींत आहे : किमान 10 गोळ्या, बाहेर दिसणारा हॅमर (घोडा), आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं की चाप निकामी व्हायला हवा.

मूळ अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरातच वारला. 1928 मध्ये त्याच्या जुन्या .45 पिस्तुलाची पेटंटं संपली आणि एफएनमधल्या त्याच्या बेल्जियन सहकाऱ्याने, द्यूदोने सेव्हने, त्यातले भाग घेऊन रचना नव्याने बसवली. दोन रांगांत गोळ्या भरून वर एकेरी तोंड असलेलं मॅगझिन याच सहकाऱ्याचं. पिस्तुलाला नाव मात्र अमेरिकन माणसाचं मिळालं, हा मला अन्यायच वाटतो. 1935 मध्ये बेल्जियमने ते स्वीकारलं. फ्रान्सने वेगळंच पिस्तूल घेतलं, तरी त्याने घातलेली मॅगझिनची अट या पिस्तुलात कायमची राहिली.

‘हाय-पॉवर’ या नावानेही घोळ होतो. काडतूस तेच 9 मिमी, जर्मन लुगर पिस्तुलातलं. त्यात जास्तीचा जोर नाही. नावाचा रोख 13 गोळ्यांवर होता. लुगरमध्ये 8, तर अमेरिकन .45 मध्ये 7 मावत.

खरा वाद आहे तो मॅगझिनच्या खटक्याचा, म्हणजे फ्रेंचांच्या त्या अटीसाठी बसवलेल्या भागाचा. चापाला जोडलेली एक छोटी दांडी मॅगझिनच्या पुढच्या अंगावर दाबून बसते. मॅगझिन आत असेल तरच चापाची साखळी जुळते. त्यामुळे मॅगझिन काढल्यावर नळीत विसरलेली गोळी उडत नाही, हा फायदा नाकारता येत नाही. पण चाप ओढताना ती दांडी पत्र्यावर घासते, खरखर बोटाला जाणवते, आणि रिकामं मॅगझिन आपोआप खाली न पडता हाताने ओढावं लागतं. लढाईत मॅगझिन बदलताना हातात पिस्तूल असून नसल्यासारखं. सैनिकाच्या पिस्तुलावर ही अट घालायलाच नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मे 1940 मध्ये कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. त्यांनी तीन लाखांहून जास्त पिस्तुलं करून घेतली आणि पुढे हा खटका गाळून टाकला. तिकडे कॅनडात टोरांटोत 1944 पासून सुमारे दीड लाख पिस्तुलं झाली, मुख्यतः चीनच्या मागणीवरून. काहींवर 500 मीटरपर्यंत नेम धरायची खूण आणि मागे जोडायला लाकडी दस्ता. तिथे खटका ठेवला. ईशापूरचं पिस्तूल याच कॅनेडियन नमुन्यावर बेतलेलं.

ब्रिटिश सैन्याने 1954 मध्ये हाय-पॉवर घेतलं. 2013 मध्ये त्याच्या जागी त्यांनी ग्लॉक पिस्तूल निवडलं. त्यात मॅगझिनचा खटका नाही.