क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण

शत्रूने सोडलेले क्षेपणास्त्र लक्ष्यावर आदळण्याआधी वाटेतच नष्ट करण्याच्या व्यवस्थेला क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण म्हणतात. वर्तमानपत्रे तिला ‘ढाल’ किंवा ‘कवच’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण त्यात एक मेख आहे. ढाल बाळगणाऱ्याला ती बचावाची वाटते. समोरच्याला मात्र, हा आता बेधडक वार करायला मोकळा झाला, अशी शंका येते. महासत्तांमधले साठ वर्षांचे भांडण या शंकेभोवतीच फिरते आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी माणसाला (शिंद्यांच्या छावणीवरूनच या वस्तीला ‘लष्कर’ हे नाव पडले) याचा दाखला गच्चीवरून दिसतो. जवळजवळ शंभर मीटर उंच खडकावरचा तो किल्ला पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात महादजी शिंद्यांकडे होता आणि तो अजिंक्य समजला जाई. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कॅप्टन पॉपमच्या तुकडीने तो शिड्या लावून घेतला. पावले वाजू नयेत म्हणून शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी जोडे होते. तट शाबूत राहिला आणि किल्ला गेला. ढाल भेदण्यापेक्षा ती चुकवणे स्वस्त पडते, हे क्षेपणास्त्रांच्या जगातही खरे आहे. ते कसे, हे क्षेपणास्त्राच्या प्रवासावरून कळते.

आंतरखंडीय क्षेपणास्त्राला लक्ष्य गाठायला साधारण अर्धा तास लागतो. पहिली तीन ते पाच मिनिटे इंजिन पेटलेले असते. त्या वेळी ते सहज दिसते, पण शत्रूच्या हद्दीत खोलवर असल्याने हाती लागत नाही. पुढची वीसेक मिनिटे त्याचे वॉरहेड, म्हणजे स्फोटक असलेले टोक, सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने अंतराळातून जाते. पाडायला वेळ मिळतो तो इथेच, आणि फसगतही इथेच होते. हवा नसल्यामुळे जड वॉरहेड आणि हलका फुगा एकाच वेगाने जातात. वॉरहेडबरोबर दहा-वीस फुगे सोडले की खरे कोणते हे रडारला ओळखणे कठीण होते. ते वातावरणात शिरल्यावर फुगे जळून जातात, पण तोवर जेमतेम मिनिटभर उरलेले असते.

इथे चूक किती बारीक असू शकते, याचे उदाहरण सौदी अरेबियातल्या दहरानचे आहे. तिथल्या पॅट्रियट या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे. संगणकाच्या द्विमान (शून्य आणि एकच्या) पद्धतीत हा अपूर्णांक पूर्ण लिहिता येत नाही, त्यामुळे प्रत्येक मोजणीत कणभर तूट राहायची. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिली, तेव्हा घड्याळ सेकंदाच्या एक तृतीयांश भागाने चुकले होते. तेवढ्या वेळात इराकचे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी पॅट्रियटने चुकीच्या जागी पाहिले, स्कड बराकीवर पडले आणि २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. दुरुस्त संगणकप्रणाली दुसऱ्या दिवशी पोचली.

राजकारण मात्र तंत्राच्या आधीच सुरू झाले होते. जून १९६७ मध्ये ग्लासबरो इथल्या भेटीत अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांना सांगून पाहिले की तुम्ही कवच उभारले तर आम्हाला क्षेपणास्त्रे वाढवावी लागतील. कोसिगिन यांना हे पटेना. माणसे वाचवणारे शस्त्र वाईट कसे? प्रश्न भाबडा नाही. पण दोघांकडेही एकमेकांना बेचिराख करण्याची ताकद आहे म्हणूनच कुणी पहिला वार करत नाही, असे धरले, तर ही जरब पुसू पाहणारी ढाल धोक्याचीच ठरते. पाच वर्षांनी मॉस्कोलाही हा हिशेब मान्य झाला. २६ मे १९७२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी केलेल्या एबीएम (क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्रांच्या) कराराने प्रत्येकाला दोन ठिकाणी शंभर-शंभर भेदी (येणारे क्षेपणास्त्र पाडणाऱ्या) क्षेपणास्त्रांची मुभा दिली. १९७४ मध्ये ठिकाण एकच उरले. सोव्हिएत संघाने राजधानी राखली. अमेरिकेने नॉर्थ डाकोटातला क्षेपणास्त्रांचा तळ निवडला, म्हणजे माणसांऐवजी प्रतिहल्ल्याची साधने. ते केंद्र १९७५ मध्ये सुरू झाले आणि काही महिन्यांत गुंडाळले गेले.

अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी २३ मार्च १९८३ रोजी अवकाशातल्या कवचाची घोषणा केली. तिच्यातून पूर्ण कवच कधीच उभे राहिले नाही. जून २००२ मध्ये अमेरिका एबीएम करारातून बाहेर पडली. त्यानंतर अलास्का आणि कॅलिफोर्नियात तिने ४४ भेदी क्षेपणास्त्रे ठेवली. ती उत्तर कोरियासाठी आहेत, हे तिचे म्हणणे आकड्याकडे पाहता खरे वाटते. पण मॉस्को आणि बीजिंग उद्याचा आकडा मोजतात. १ मार्च २०१८ रोजी पुतिन यांनी वाट बदलत येणाऱ्या ‘अवांगार्द’सारख्या शस्त्रांची यादी वाचली आणि कारण म्हणून अमेरिकेने करार सोडल्याचे सांगितले. दक्षिण कोरियात थाड ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आली तेव्हा चीनचा आक्षेप तिच्या क्षेपणास्त्रांपेक्षा रडारवर अधिक होता, कारण ते चीनच्या हद्दीतही डोकावू शकते.

भारताने २७ नोव्हेंबर २००६ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यापाशी सुमारे ५० किलोमीटर उंचीवर चाचणीत आपलेच ‘पृथ्वी’ क्षेपणास्त्र पाडून या क्षेत्रात पाऊल टाकले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाशी एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेचा ५.४३ अब्ज डॉलरचा करार झाला आणि त्यासाठी भारताने, रशियाकडून शस्त्रे घेणाऱ्यांवरच्या अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार पत्करली. तीच यंत्रणा घेतल्याबद्दल तुर्कस्तानवर निर्बंध लादले गेले, भारतावर नाही. चीनसमोर भारत लागतो, हे त्यामागचे उघड कारण. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी ‘सुदर्शन चक्र’ मोहीम जाहीर केली. २०३५ पर्यंत मोक्याच्या ठिकाणांबरोबर रुग्णालये, रेल्वे आणि श्रद्धास्थानेही तिच्या छत्राखाली यावीत, असा बेत आहे. मोक्याच्या ठिकाणांत हवाई तळ आधी येतात. ग्वाल्हेरचा महाराजपूर तळ त्यांपैकीच. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटला गेलेली मिराज विमाने इथूनच उडाली होती.