पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ : नाव कुणाचं लागतं, अर्ज कसा भरायचा?

विधानसभेच्या यादीत नाव आहे, खिशात मतदार ओळखपत्र आहे, म्हणजे पदवीधरला मत देता येणारच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी वेगळी असते आणि प्रत्येक निवडणुकीआधी ती कोऱ्या कागदावरून नव्याने तयार होते. मागच्या खेपेला मतदान केलेल्यांनाही पुन्हा अर्ज करावाच लागतो.

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर असे दोन्हींचे मतदारसंघ आहेत. कोणता आपला, हे राहत्या पत्त्यावरून ठरतं, नोकरीवरून नाही. कल्याणला राहून दादरच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई कोकणच्या मतदार, मुंबईच्या नव्हेत.

पदवीधरांसाठी अर्जाचा नमुना १८. ज्या वर्षी यादी तयार होते त्या वर्षीची १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख, म्हणजे पात्रता मोजण्याची तारीख. त्या तारखेपूर्वी किमान तीन वर्षं तुम्ही पदवीधर असायला हवं. ही तीन वर्षं विद्यापीठाने निकाल जाहीर केल्याच्या दिवसापासून मोजतात, पदवीदान समारंभापासून नाही. त्यामुळे समारंभ उशिरा झाला म्हणून अर्ज मागे ठेवू नका. पदवी कोणत्याही शाखेची चालते, फक्त विद्यापीठ भारतातलं हवं. पदविकेचं मात्र सरसकट धरून चालू नका. शासनाने ती पदवीशी समकक्ष ठरवलेली असेल तरच चालते.

शिक्षकांसाठी नमुना १९. अर्हता तारखेआधीच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असावं. ती तीन वर्षं सलग नसली तरी बिघडत नाही. प्राथमिक शिक्षक यात बसत नाहीत. ते पदवीधर असतील तर त्यांना नमुना १८ मोकळा आहे.

कागदपत्रं फार नाहीत : फोटो, राहण्याचा पुरावा, पदवी प्रमाणपत्र किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. शिक्षकांना मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचा सेवेचा दाखला लागतो. तो नुसता ‘आमच्याकडे कार्यरत आहेत’ असा आणू नका, कधीपासून कधीपर्यंत शिकवलं ते त्यात स्पष्ट हवं. सर्वांत जास्त अडतं ते लग्नानंतर नाव बदललेल्यांचं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत जोडली की प्रश्न मिटतो.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा. ऑनलाइनही भरता येतो. गठ्ठ्याने आणलेले अर्ज घेत नाहीत. इच्छुक उमेदवाराचा कार्यकर्ता ‘द्या, मी भरून टाकतो’ म्हणाला तर विनम्रपणे नाही म्हणा. घरातल्या एकाने मूळ कागद दाखवून घरच्यांचे अर्ज दिले, किंवा संस्थाप्रमुखाने आपल्या पात्र कर्मचाऱ्यांचे एकत्र पाठवले, तर चालतं.

वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं : १ ऑक्टोबरच्या सुमारास जाहीर सूचना, ६ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, २३ नोव्हेंबरच्या आसपास प्रारूप (कच्ची) यादी, मग हरकती आणि डिसेंबरअखेर अंतिम यादी. प्रारूप यादी लागली की नाव स्वतः शोधा. नंतरही नोंदणी सुरू राहते, पण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं दार बंद.

गंमत म्हणजे मतदाराला पदवी लागते, उमेदवाराला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच तसा निकाल दिला आहे. उमेदवाराचं वय ३० पूर्ण हवं आणि राज्यातल्या विधानसभेच्या यादीत नाव हवं.

साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या १२ जागा राज्यपाल भरतात. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर याच वाटेने परिषदेत गेले. तिथे मतदान नाही. नावं मंत्रिमंडळ सुचवतं, आणि कधी कधी ती वर्षानुवर्षं अडकतात : २०२० मध्ये पाठवलेली यादी निर्णयाविनाच राहिली, पुढे मागे घेतली गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांचा शपथविधी झाला.

मतदानाच्या दिवशी बटण दाबायचं नसतं. मतपत्रिकेवर पसंतीक्रम आकड्यांत लिहायचा, तोही केंद्रावर दिलेल्या पेनानेच. पहिल्या पसंतीचा ‘१’ लिहिलाच पाहिजे. टिकमार्क केली किंवा सही ठोकली, तर मत बाद.