ड्रॅगन बोटींच्या निधी-शर्यती

ड्रॅगन बोट या लांब, अरुंद, वल्ह्यांवर चालणाऱ्या नौकांच्या हौशी शर्यती भरवून बालकर्करोगासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांना पैसा उभा करून देण्याची प्रथा. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत ती चांगली रुजली आहे. तळे, कालवा किंवा संथ नदी पाहून, बहुधा सुट्टीच्या दिवशी, या शर्यती होतात. त्यांत कचेऱ्या, शाळा, रुग्णालयांचे कर्मचारी आणि उपचारांतून गेलेल्या मुलांचे नातेवाईक उतरतात. यांतील बहुतेकांनी त्या दिवसापूर्वी वल्हे हातात धरलेले नसते.

नौकेचे मूळ दक्षिण चीनमध्ये आहे. तेथे पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी, नदीत प्राण देणाऱ्या छू युआन या कवीच्या स्मरणार्थ, अशा शर्यती शतकानुशतके होत आल्या आहेत. 1976 मध्ये हाँगकाँगने परदेशी चमूंना बोलावून शर्यत घेतली आणि हा खेळ चीनबाहेर गेला. 1986 च्या व्हँकूवर येथील जागतिक प्रदर्शनासाठी हाँगकाँगहून सागवानी बोटी गेल्या आणि कॅनडात या खेळाने मूळ धरले. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1991 मध्ये स्थापन झाला.

कर्करोगाशी या खेळाचे नाते व्हँकूवरलाच जुळले. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हातांना जोराचा, पुनःपुन्हा होणारा व्यायाम दिल्यास हाताला कायमची सूज येते, असा समज वैद्यकात दृढ होता. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी 1996 मध्ये अशा 24 स्त्रियांना ड्रॅगन बोट वल्हवण्यास तयार केले. सूज येण्याचा नवा प्रसंग त्यांच्यात आढळला नाही, आणि पुढे जगभर अशा स्त्रियांचे चमू उभे राहिले. बालकर्करोगाच्या बाबतीत मात्र नाते मुख्यतः निधीचे आहे.

पूर्ण आकाराची बोट सुमारे 12 मीटर लांब असते. तिच्यात दोघांच्या जोड्या करून 20 वल्हेकरी बसतात. बोटीच्या पुढच्या टोकावर चमूकडे तोंड करून ढोल वाजवणारा असतो आणि मागे लांब वल्ह्याने दिशा सांभाळणारा उभा असतो. निधी-शर्यतींत बोटी अनेकदा लहान आणि वल्हेकरी दहाच्या आसपास असतात, तर सुकाणू आयोजकांच्या अनुभवी माणसाकडेच ठेवले जाते. वल्हे बोटीला बांधलेले नसते आणि वल्हेकरी पुढे पाहत बसतात. नवखा माणूस पहिल्या फेरीत हमखास आपल्याच वल्ह्याकडे पाहतो, ताल चुकतो, मागच्याचे वल्हे पुढच्याच्या वल्ह्यावर आदळते आणि सगळा जोर असूनही बोट रेंगाळते. नजर पहिल्या जोडीवर ठेवून सर्वांची वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरू लागली की तीच माणसे तीच बोट कितीतरी वेगाने नेतात. एकट्याचे कौशल्य येथे फारसे उपयोगी पडत नाही, म्हणूनच हिशेबनीस, परिचारिका आणि शाळकरी मुलाची आजी एका बोटीत बसू शकतात. या उपक्रमाला खेळांतून हीच नौका लाभली, हे त्याचे भाग्य म्हटले पाहिजे.

निधी दोन वाटांनी येतो : चमूचे प्रवेशशुल्क, आणि प्रत्येक वल्हेकऱ्याने नातेवाईक, शेजारी व सहकाऱ्यांकडून मिळवलेल्या देणग्या. दुसरी वाट मोठी करण्याकडे जाणते आयोजक लक्ष देतात, कारण बोटींचे भाडे, सुरक्षा-नौका, लाइफ जॅकेट, प्रथमोपचार आणि विमा यांत प्रवेशशुल्काचा बराच भाग जातो. शक्य तेथे हा खर्च प्रायोजक कंपनीकडून भागवून घेणे इष्ट असते, म्हणजे देणगीदाराचा पैसा मुलांपर्यंत पोचतो. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्याने पात्र देणगी देताना आपण आयकर भरतो असे लिहून दिल्यास संस्थेला दर पौंडामागे सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात. त्यामुळे देणगीपत्रकावर यासाठी असलेल्या चौकोनात खूण करून घेणे हे वल्हवण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

हा पैसा संशोधनाला जातो, तसाच उपचारकाळातील प्रवास, निवास, समुपदेशन आणि भावंडांची देखभाल यांनाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन ते तीन वर्षे चालतात, आणि एवढा काळ एका पालकाची मिळकत थांबली तर घर कसे चालावे हा प्रश्न औषधाइतकाच खरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुला-किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील 80 टक्क्यांहून अधिक बरे होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे. उशिरा होणारे निदान, औषधांचा अभाव आणि अर्धवट सोडलेले उपचार ही त्याची काही कारणे. 2030 पर्यंत जगभरात किमान 60 टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने 2018 मध्ये ठरवले.

निधीसाठी शर्यत ही कल्पना आपल्याकडेही नवी नाही : मुंबईत धावण्याच्या शर्यतीतून संस्थांसाठी निधी उभारण्याची सवय 2004 पासूनच्या मॅरेथॉनने लावली आहे. त्याच शहरात टाटा स्मारक रुग्णालयात दूरदूरच्या राज्यांतून मुले उपचारांसाठी येतात, आणि अशा कुटुंबांच्या मोफत निवासाची सोय सेंट ज्यूड इंडिया ही संस्था 2006 पासून करीत आहे. निवासाची खोली मिळाल्यामुळे उपचार पुरे करता येणे, हा अशा निधीचा सर्वांत थेट उपयोग आहे.