सार्वजनिक सभेची 1878 ची सूचना आणि गावाने राखलेल्या रानाची दखल

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. पाड्याने तीन दशके राखलेल्या सुमारे 445 हेक्टर जंगलाला मिळालेली ती दाद होती. मात्र गावाने रान राखले तर सरकारने त्याचे कौतुक करावे, हा विचार पद्म पुरस्कारांहून कितीतरी जुना आहे. तो 1878 मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेने मांडला, आणि त्यासोबत आणखी एक मागणी केली: गावकऱ्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावू नका. पुढच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोन मागण्यांचाच आहे. पहिली हळूहळू मान्य होत गेली. दुसरीला फार वाट पाहावी लागली.

1878 मध्ये ब्रिटिश सरकार नवा वन कायदा आणत होते. गावांचा जंगलावरचा वहिवाटीचा वापर हा हक्क नसून सरकारने दिलेली सवलत आहे, अशी त्यामागची भूमिका होती. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध निवेदन पाठवले. त्याचा आशय असा: जंगल टिकवायचे तर गावकऱ्यांना विश्वासात घ्या. जी गावे आपल्या वाट्याचे रान राखतात किंवा नवी झाडे लावतात त्यांना बक्षीस द्या, त्यांची वाहवा करा. त्यातून गावागावांत चढाओढ लागेल. आणि ज्या जमिनीशी त्यांचा संबंध आहे तिथून त्यांना हुसकावू नका. सरकारने यातले काहीच ऐकले नाही. कायद्यात ‘ग्रामवन’ (सरकारने गावाच्या स्वाधीन केलेले जंगल) हा एक प्रकार ठेवला, 1927 च्या कायद्यात तो कलम 28 म्हणून कायमही राहिला, पण प्रत्यक्षात ग्रामवने फारच थोड्या ठिकाणी झाली. जंगले राखीव झाली आणि लाकूडफाट्यासाठी आत जाणारा गावकरी गुन्हेगार ठरला. जोतीराव फुल्यांनी त्याच सुमारास वनखात्याच्या जाचाविषयी इतक्या कडक शब्दांत लिहिले, ते या अनुभवातूनच.

या सगळ्या काळात महाराष्ट्रात एक जंगल कोणत्याही बक्षिसाविना उभे होते: देवराई. कोकणात आणि घाटमाथ्यावर गावकी, गुरव, मानकरी मिळून ती राखत. पडलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, झाड तोडण्याची वेळ आलीच तर आधी देवाला कौल लावायचा, असे नियम. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांना आणि सरकारला कळले की गावाची शिस्त जंगल टिकवू शकते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे इथली जायफळाच्या कुळातील झाडांची दलदलीची राई गावकऱ्यांनी अशीच देवाच्या नावाने जपली. अवघ्या 2.59 हेक्टरांचा तो तुकडा आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. देवराईला आज खरा धोका मात्र जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे मोठे मंदिर बांधण्याच्या हौसेचा आहे. खर्चासाठी राईतलीच झाडे विकली जातात, मग रस्ता येतो, मग वाहनतळ.

स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. त्याने झाडे लावण्याला सन्मान मिळवून दिला, पण मोजायची सवयही एकच लावली: किती रोपे लावली. लावलेले रोप तिसरा उन्हाळा काढेल तेव्हाच ते झाड झाले असे मानावे. पहिल्या मार्च ते मे या तीन महिन्यांत मर सर्वांत जास्त असते. पाण्याअभावी, गुरांच्या तोंडी पडून, वणव्यात, किंवा पिशवी न फाडताच लावल्यामुळे मुळे गुंडाळून रोपे जातात. पावसाळा संपताच तपासणी केली की सगळेच हिरवे दिसते. पुरस्कार समित्यांनी वर्षानुवर्षे हीच वेळ तपासणीला निवडली, आणि एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लागत राहिले.

केंद्र सरकारने 1986 मध्ये इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार आणि 1987 मध्ये इंदिरा गांधी पर्यावरण पुरस्कार सुरू केला. वृक्षमित्र पुरस्काराच्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे होते. राळेगणचा नमुना घेऊन राज्य सरकारने 1992 मध्ये आदर्श गाव योजना आणली. पुढे पोपटराव पवारांचे हिवरे बाजार तिच्यातलेच. त्यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. या योजनेचे वैशिष्ट्य असे की गावाने आधी काही बंधने स्वतःवर घालून घ्यायची: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. बोअरवेल बंदी आणि लोटाबंदी (उघड्यावर शौचाला बंदी) नंतर जोडली गेली. आधी शिस्त आणि मग निधी हा क्रम शहाणपणाचा होता.

चराईबंदी यातली सर्वांत अवघड. ती ठरावाने होत नाही. डोंगर बंद केला की पहिली दोन वर्षे झळ बसते ती भूमिहीनाला आणि शेळ्या पाळणाऱ्याला, कारण शेतकऱ्याच्या गोठ्यात कडबा असतो, या दोघांकडे नसतो. जिथे बंदी टिकली तिथे मुख्यतः दोन गोष्टी झाल्या. डोंगराचा एक भाग बंद करून दुसरा चराईला खुला ठेवला गेला, आणि बंद भागातले गवत पावसाळ्यानंतर कापून डोक्यावरून न्यायला परवानगी मिळाली. गवत वाढले की ‘बंदी’ हा शब्द टोचेनासा होतो. जिथे असे काही झाले नाही तिथे रात्री कळप आत शिरले, भांडणे झाली आणि बक्षीस आले त्याच वर्षी बंदी मोडली. दोन वर्षांची ही झळ कोणी सोसली, हा प्रश्न पुरस्काराच्या कोणत्याही अर्जात सहसा नसतो. तो असायला हवा.

याच सुमारास दुसरा धागा सुरू झाला. 1 जून 1990 रोजी केंद्राने जंगल राखण्यात गावांना सहभागी करून घेण्याचे परिपत्रक काढले. महाराष्ट्राचा शासन निर्णय 16 मार्च 1992 चा. गावोगावी संयुक्त वन व्यवस्थापन समित्या झाल्या. बारीपाडाही याच मार्गाने पुढे आला. समितीचे अध्यक्षपद गावाकडे आणि सदस्य सचिवपद वनकर्मचाऱ्याकडे, ही रचना होती. दप्तर सचिवाकडे, बँक खात्यावर त्याची सही, आराखडा वनखात्याचा. सचिवाची बदली झाली की कित्येक समित्यांचे काम थांबे, कारण इतिवृत्ताची वही कुठे आहे हेच गावाला ठाऊक नसे. शिवाय समिती खात्याच्या आदेशाने झालेली, त्यामुळे तो आदेश मागे घेतला तर गावाच्या हाती काहीच उरत नव्हते.

या समित्यांसाठी 2006-07 पासून संत तुकाराम वनग्राम योजना आली. अवैध तोड, अतिक्रमण, वणवा, चराई आणि शिकार रोखण्यात कोणती समिती सरस, त्यावर जिल्हा आणि राज्य पातळीवर बक्षिसे. पुण्याच्या सभेला अभिप्रेत असलेली चढाओढ 128 वर्षांनी सरकारी योजनेत उतरली. तिची पद्धत मात्र वनखात्याने घडवलेली नव्हती. गुण द्यायचे, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या ठेवायच्या, बाहेरच्या समितीने गावात येऊन पाहायचे, ही पद्धत ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात 2000-01 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने रुजवली होती. तीच पुढे पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत दिसली. 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत स्पर्धा झाली आणि कोरेगावातील वेळू गावाने 50 लाखांचे पहिले बक्षीस घेतले. 2018 पर्यंत ती 75 तालुक्यांत पोचली. 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांखाली गुण मिळू लागले; पहिल्या वर्षी 686 स्थानिक स्वराज्य संस्था त्यात होत्या.

स्पर्धेने गाव एकत्र येते, हे वादातीत आहे. उणीव असते ती मुदतीत. वॉटर कपच्या पंचेचाळीस दिवसांत खोदलेले सलग समतल चर (डोंगरउतारावर समान उंचीवरून काढलेले चर) पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतात. बांधावर गवत किंवा घायपात लावली नाही तर त्याहून लवकर. गाळ काढण्याला गुण नसतात, म्हणून तो निघत नाही. स्वच्छता अभियानाच्या धर्तीवर आलेल्या निर्मल ग्राम पुरस्काराचीही हीच गत झाली. बक्षीस मिळालेल्या अनेक गावांत काही वर्षांनी लोक पुन्हा उघड्यावर जाताना आढळले. बक्षिसाची काही रक्कम राखून ठेवून तिसऱ्या वर्षीच्या फेरतपासणीनंतर द्यावी, हा साधा उपाय आहे, आणि तो सर्व योजनांत सक्तीचा असायला हवा.

सभेची दुसरी मागणी, म्हणजे हुसकावू नका, संसदेने डिसेंबर 2006 मध्ये वनहक्क कायद्याने मान्य केली. कायदा 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला. त्यातले कलम 3(1)(झ) गावाला परंपरेने राखलेल्या सामूहिक वनस्रोताचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देते. कलम 5 ग्रामसभेला त्यासाठी अधिकार देते. इथे दखल घेणारा परीक्षक नाही. गाव राखत आले आहे, हे कायदाच मान्य करतो.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हा हक्क देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी एक. 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्धच्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनातून गाव जागे झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून अभ्यास गट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पक्की झाली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याकडे होता आणि खाते बांबूला झाड मानत होते. वनहक्क कायद्याच्या कलम 2 मध्ये तो गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारी वस्तू) असल्याचे स्पष्ट लिहिलेले असूनही. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुरस्काराच्या कोणत्याही ढालीपेक्षा त्या पुस्तकाचे मोल जास्त होते.

चंद्रपूरच्या पाचगावाला 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरांचा हक्क मिळाला. बांबू विकायचा, पण तेंदूपाने तोडायची नाहीत, असे या गावाने ठरवले. कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटतात, जमिनीला आग लावतात, आणि त्या आगीत इतर रोपेही जातात. सहज हाती येणारा पैसा सोडण्याचा असा निर्णय मालकी हक्काशिवाय कोणी घेत नाही. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरने सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईत विकली. 2014 मध्ये तिला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. इथे हक्क आधी आला आणि पुरस्कार मागून, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

हा हक्क मागायची रीत 2012 च्या सुधारित नियमांनी सोपी केली. ग्रामसभा 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सामूहिक वनस्रोताच्या दाव्यासाठी अर्जाचा नमुना ‘ग’ वेगळा आहे; दावा नमुना ‘ख’ मध्ये भरला तर निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), गौण वनोपज असे वापराचे हक्क मिळतात, व्यवस्थापनाचा राहून जातो. ही चूक सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी झाली. सोबत किमान दोन पुरावे लागतात: निस्तार पत्रक, जुने नकाशे, देवस्थानाच्या जागा, वृद्धांचे लेखी कथन यांपैकी चालते. हद्दीची पाहणी शेजारच्या गावांना बोलावून करावी आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात, नाहीतर दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडे पहिली हरकत तिथूनच येते. ठरावाच्या सभेला निम्मी उपस्थिती हवी, हजर लोकांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. अधिकारपत्र हातात आले की कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्याचा क्रमांक) आणि क्षेत्र दाव्याशी ताडून पाहायचे. कधी क्षेत्र कापलेले असते, किंवा वनखात्याच्या कार्य आयोजनेचे (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्याचे) बंधन अट म्हणून घातलेले असते. कायद्यात तशी अट नाही, म्हणून ग्रामसभेने ठराव करून लेखी हरकत नोंदवावी.

2014 मध्ये राज्याने कलम 28 खाली ग्रामवनाचे नियम आणले, तेव्हा वनहक्कावर काम करणाऱ्यांनी विरोध केला तो याच अनुभवामुळे. ग्रामवन सरकार देते आणि सरकार काढूनही घेऊ शकते. ज्या गावांनी वनस्रोताचा दावा अजून केलेला नाही, त्यांच्यापुढे कुणी ग्रामवनाचा किंवा बक्षीसपात्र समितीचा प्रस्ताव आणला, तर ग्रामसभेने आधी नमुना ‘ग’ दाखल करून त्याची तारखेसह पोच घ्यावी आणि मगच त्या प्रस्तावावर बोलावे.