दहा ग्रॅम मिरचीचं बी एवढं महाग का?

रोपवाटिकेचा हंगाम सुरू झाला की काउंटरवर रोज कुणीतरी पाकीट हातात तोलून विचारतंच, "भाऊ, हे बी आहे का सोनं?" गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद पाकिटासोबत देतोय.

आमचं संकरित बी देऊळगाव राजा परिसरातल्या शेडनेटमध्ये तयार होतं. मिरचीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, म्हणजे फूल उमललं की घरच्या घरी लग्न लागून मोकळं. संकर करायचा तर त्याआधी मादी ओळीच्या (ज्या झाडांवर बी धरायचं त्यांच्या) कळीतले पुंकेसर काढावे लागतात. ऊन उतरलं की बाया चिमटे घेऊन ओळीत शिरतात. उद्या सकाळी उमलेल अशी टपोरी, पण मिटलेली कळी बोटात धरायची. आतले पाच-सहा निळसर पुंकेसर ओढून काढायचे आणि मधल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीचा पराग त्या दांडीच्या टोकाला लावायचा, देठाला रंगीत दोरा बांधायचा. फळ लाल व्हायला पुढे दीड-दोन महिने जातात. दोरा नसलेलं फळ कितीही देखणं असलं तरी बियाण्यात घेत नाही.

आता हिशोब करा. दहा ग्रॅममध्ये दीड हजाराच्या वर बिया बसतात. क्रॉसिंगच्या एका फळातून चाळीस-पन्नास भरलेल्या बिया मिळाल्या तरी आम्ही समाधान मानतो. म्हणजे एका पाकिटामागे तीस-पस्तीस फळं, आणि प्रत्येक फळाला दोनदा हात लागलेला. गळून गेलेल्या कळ्यांची मजुरी यात धरलेलीच नाही.

ही मजुरी वाचवायचा एक मार्ग आहे, तो म्हणजे जिच्या फुलात पराग तयारच होत नाही अशी नरवांझ मादी ओळ. गंमत म्हणजे 1958 साली पीटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मिरचीत असा नरवांझपणा नोंदवला, तो भारतातून तिकडे गेलेल्या बियाण्यातच. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने एमएस-12 ही वेगळ्या प्रकारची नरवांझ ओळ वापरून सीएच-1 हा संकर दिला. तिथे मात्र मादीच्या ओळीतली निम्मी झाडं परागवाली निघतात आणि फुलावर येताच ती उपटावी लागतात. काही नरवांझ ओळी थंडीत थोडाफार पराग सोडतात. त्यामुळे आम्ही अजून चिमट्यावरच विश्वास ठेवतो.

क्रॉसिंगच्या आधीचं काम तर पाकिटावर दिसतही नाही. चांगलं झाड निवडायचं, त्याचंच बी त्याच्याच परागाने धरायचं, आणि हे सहा-सात पिढ्या, सगळी झाडं एकसारखी दिसेपर्यंत. अशा ओळी मग एकमेकींशी जुळवून बघायच्या. दोन उत्तम ओळींचा संकर फुसका निघतो, आणि बेताच्या दिसणाऱ्या ओळीची जोडी तोड्यामागून तोडे देते. लावून बघितल्याशिवाय ते कळत नाही. (याचा जीएमशी, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्याशी, काही संबंध नाही, हेही कुणी कुणी विचारतं म्हणून सांगतो.)

"मग याच मिरचीचं बी पुढच्या साली लावू का?" भोकरदनकडचे एक ग्राहक असंच करून आले होते. गमछ्यात बांधून आणलेल्या मिरच्या त्यांनी टेबलावर ओतल्या. काही बोटभर लांब, काही आखूड; काहींची साल सुरकुतलेली, काहींची गुळगुळीत. त्यांत आभाळाकडे तोंड करून लागलेल्या चार-दोन झाडांच्याही होत्या. लोंबती मिरची हा वरचढ गुण. उभी मिरची संकरात दबून राहते आणि पुढच्या पिढीत चारात एक झाड या प्रमाणात डोकं वर काढते. आमच्या संकराच्या एका पालकाची मिरची उभीच आहे. व्यापाऱ्याने तो माल मिसळ म्हणून पाडून मागितला. बी ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला तो हक्क दिलेला आहे. नुकसान होतं ते एकसारखेपणाचं.

घरचं बी धरायचंच असेल तर सरळ (संकरित नसलेला) वाण घ्या, पुसा ज्वाला किंवा आपल्या भागातलं जुनं. फक्त शेजारी दुसरी मिरची नको. मधमाशी पराग नेते. बियाणे प्रमाणीकरणात सरळ वाणाला 200 मीटर अंतर सांगितलंय ते याचसाठी. ज्यांच्या गिऱ्हाइकाला भिवापुरी या जुन्या वाणाचीच चव हवी, त्यांना आमचा संकर आम्ही देतच नाही.

बी कितीही चांगलं असलं तरी पांढरी माशी आवरत नाही. ती पसरवते तो बोकड्या (पानं आकसवणारा रोग) रोपातच शिरला तर पाकिटाला दोष देऊन उपयोग नाही. रोपं कीडरोधक जाळीतच करा.

आमचीही चूक झाली आहे. एका वर्षी मजूर कमी पडले, कळ्या उशिरा हाती आल्या आणि आतला पराग आधीच सुटला होता. त्या लॉटमध्ये बरीच झाडं हुबेहूब मादी ओळीसारखी निघाली. आम्ही पैसे परत केले, पण शेतकऱ्याचा हंगाम काही परत करता आला नाही. तेव्हापासून प्रत्येक लॉटचा नमुना आधी आमच्या वावरात लावतो, फळ बघतो, मगच पाकिटं भरतो. बी बाजारात यायला थोडा उशीर होतो तो यामुळे.

मिरचीच्या उगवणीची कायद्याने ठरलेली किमान मर्यादा 60 टक्के आहे. त्याहून कमी उगवलं तर ताबडतोब या, रोपं मोठी होईपर्यंत थांबू नका. बिल, लेबल आणि रिकामं पाकीट पीक निघेपर्यंत जपा. पाकीट लॉट नंबरच्या बाजूने फाडू नका, खालची कड कात्रीने कापा. बियाला लावलेला रंग औषधाचा आहे, हात धुऊनच भाकरीला बसा.